आगवाल्याचं आरमार

दाजी, परवा दसरा. तुम्ही असता तर आज सकाळपासून कारखान्यावरच मुक्काम ठोकला असता आणि माझी अक्का झाकलेल्या भाकरीकडं बघत तुमच्या नावानं पुटपुटत बसली असती. नव्या बॉयलरात पहिला जाळ तुमच्या हातानं घालायचा, असं साऱ्या सभासदांनी एकमतानं ठरवलं होतं. आपल्या भागात एकमत ही चीज किती दुर्मिळ, ते तुम्हाला मी काय सांगायचं. आणि तुम्ही भाद्रपदात उभ्या उभ्या निघून गेलात.

काल चेअरमन दोन डायरेक्टरांना घेऊन माझ्या ओसरीवर आले. म्हणाले, तात्या, आता तुम्हीच पेटवा. दाजींचे मेहुणे तुम्ही, त्यात चार गावांत नावाजलेले गुळवे. आणि पेटवल्यावर तिथंच थांबा, साखरेच्या पॅनवर तुमच्यासारखा डोळा पाहिजे. बघा म्हणजे. ज्यानं दोन वर्षं कारखान्याच्या नावानं बोटं मोडली, त्यालाच बोहल्यावर चढवायला निघाले. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. चहा पाजला आणि वाटेला लावलं. उद्यापर्यंत सांगतो म्हणालोय.

आता सांगायचं काय? हो म्हणालो तर माझ्या वडिलांच्या, आबांच्या वेळेपासूनचं गुऱ्हाळ माझ्या हातानं विझल्यासारखं आहे. नाही म्हणालो तर तुमचा शब्द पडतो. आजवर तुमच्याशी भांडल्याशिवाय मी कुठलीही मोठी गोष्ट ठरवलेली नाही, बैलजोडीसुद्धा घेतलेली नाही. तेव्हा तुम्ही गेला असलात तरी बसा जरा. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या गुऱ्हाळावर आलात तेव्हा मी मिसरूड फुटायच्या बेताला होतो. इंदापूरकडचं तुमचं गाव कोरडं, तिथं कालव्याचं पाणी पोचायच्या आधीच संपायचं, म्हणून कामाला आमच्या पणदऱ्याला आलात. आबांनी तुम्हाला चुलवाणाला जाळ घालायला बसवलं. लोकांना वाटतं गूळ गुळव्यामुळं होतो. गुळव्या वर काहिलीत बघत उभा असतो खरा, पण खाली जाळ घालणारा बावळट निघाला की रसाचं आधण करपलंच. तुम्ही चिपाडाची एक एक मूठ अशी सरकवायचात की काहिलीतली उकळी वरखाली हलायची नाही. आबा तुमच्याशी फारसं बोलायचे नाहीत. एक दिवस आईला म्हणाले, जो आग सांभाळतो तो बायको सांभाळंल. अक्काचं लग्न असं ठरलं. पत्रिका वगैरे पुढं बघितली, ती जुळेना तर भटजीला पुन्हा बघायला लावली.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात लढाईचं वारं सुटलं. बारामतीला आरमाराच्या भरतीचे साहेब आले होते. तुम्ही बाजाराला म्हणून गेलात आणि नाव घालून आलात. आबा खवळले. तुला पोहता तरी येतंय का, म्हणाले. तुम्ही खरं तेच सांगितलंत, की कालव्यात म्हशीची शेपटी धरून येतं, नुसतं येत नाही. भरतीच्या साहेबानं काम काय येतं विचारलं तर तुम्ही सांगितलंत, जाळ घालतो. त्यानं तुम्हाला आगवाला करून टाकलं. बोटीच्या पोटात बॉयलर असतो आणि त्याच्या भट्टीत कोळसा टाकायला जी माणसं असतात ते आगवाले, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. अक्का आतल्या खोलीत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

पहिल्या रजेवर आलात तेव्हाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. गुऱ्हाळ चालू होतं. तुम्ही पांढरे कपडे घालून चुलवाणाजवळ उकिडवे बसला होता आणि स्वतःचीच फजिती रंगवून सांगत होता. आपल्याकडं धुराड्यातून काळा धूर दिसला की लांबच्या वस्तीवरची माणसं समजतात, गुऱ्हाळ लागलं. मग येतात, रस पितात, काकवी खातात, पोराबाळांना गूळ बांधून नेतात. धूर बघून आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवायचं नाही ही आपली रीत. धूर जितका दाट तितकी मालकाची कॉलर ताठ. तुम्ही तीच रीत आरमारात नेलीत. समुद्रात व्यापारी बोटींचा तांडा चाललेला, तुमची बोट त्याच्या राखणीला, आणि पहिल्याच पाळीला तुम्ही भट्टीत फावड्यामागून फावडं असं रचलंत की धुराड्यातून काळा डोंगर उठला. मनात म्हणालात, बघू दे लोकांना, पणदऱ्याचा गडी जाळ घालतोय.

वरून साहेब ओरडत आला. आणि मग चाचांनी तुमचा कान धरला. खरोखर धरला, असं तुम्हीच सांगितलंत.

हे चाचा म्हणजे तुमचे उस्ताद. रत्नागिरीकडचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, मुख्य आगवाले. तुम्ही त्यांचं नाव कधी घेतलं नाहीत, चाचा एवढंच म्हणायचात, म्हणून मीही तेवढंच लिहितो. ते तुम्हाला म्हणाले होते, "बेटा, तुझ्या गावात धूर बघून पाव्हणे येतात. इथं धूर बघून पाणबुडी येते." मग त्यांनी फावडं हातात घेऊन दाखवलं. कोळसा ढिगानं टाकायचा नाही, थोडा टाकायचा, पातळ पसरायचा, भट्टीचं दार पटकन लावायचं. वाफ भरपूर पाहिजे आणि वर आभाळ स्वच्छ पाहिजे. ते जमायला तुम्हाला तो सगळा प्रवास लागला. गुऱ्हाळावरची सगळी माणसं हसत होती, आणि माझे आबा, जे कधी हसायचे नाहीत, त्यांनी तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

त्यानंतर दर रजेला तुमची शाळा भरायची. चाचांकडून ऐकलेलं तुम्ही आम्हाला सांगायचात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्या. चाचांचा आजा कंपनी सरकारच्या शिडाच्या जहाजावर होता. तेव्हा लढाई म्हणजे वाऱ्याची मर्जी. वारा पडला की दोन्हीकडची जहाजं एकमेकांकडं बघत उभी. तोफा दोन्ही अंगांना ओळीनं लावलेल्या, आणि मारायचं ते इतक्या जवळ जाऊन की समोरच्याच्या मिशा दिसाव्यात. मग आगबोट आली. दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी चाकं. शिडवाले हसले, म्हणाले, ही कसली बोट, हिच्या पोटात चूल. पण चुलीला वाऱ्याची गरज नव्हती. समोरून वारा असताना आगबोट सरळ चालून आली तेव्हा हसणं बंद झालं. एक गोळा चाकावर बसला की बोट पांगळी व्हायची, म्हणून चाकं गेली आणि मागं पाण्याखाली पंखा आला.

आता खरी मजा सुरू झाली, असं म्हणून तुम्ही गुळाचे दोन खडे मातीत समोरासमोर मांडायचात. नुसत्या लोखंडी गोळ्याच्या जागी आत दारू भरलेला, जाऊन फुटणारा गोळा आला. तो लाकडाची बोट पेटवायचा, म्हणून बोटीला लोखंडाचा पत्रा चढला. पत्रा चढला म्हणून तोफ मोठी झाली. तोफ मोठी झाली म्हणून पत्रा जाड झाला. मी म्हणालो, हे आपल्या भावकीतल्या बांधासारखं झालं, ह्यानं हातभर वाढवला की त्यानं दोन हात. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढच्या खेपेला तुम्ही ते आपलंच म्हणून सांगितलंत. तोफ एवढी जड झाली की ती ओळीनं ठेवता येईना, मग ती गोल फिरणाऱ्या घुमटात बसवली. दोघं भाऊ असे बांध वाढवत बसले आणि तेवढ्यात टॉर्पेडो निघाला. पाण्याखालून येणारा, भल्या मोठ्या बोटीच्या पोटात भोक पाडणारा. एवढासा गुळाचा खडा तुम्ही खालून सरकवायचात आणि मोठा खडा उलटा करायचात. मागं बसलेले म्हातारे हळहळायचे.

चाचांच्या बापानं कोळशाच्या लोखंडी बोटीवर जन्म काढला. चाचा स्वतः पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं नदीतल्या बोटींवर होते. तोवर समुद्रात सुरुंग आले होते, पाणबुडी आली होती, बोट बोटीला न दिसताच बुडू लागली होती. आणि तुमच्या लढाईत वरून विमान आलं. मग पाण्यात कान लावणारं यंत्र, काचेवर ठिपका दाखवणारं रडार. मी विचारलं, दाजी, ह्यात तुम्ही काय काय बघितलंत?

"आजानं दुश्मनाचं त्वांड बघितलं," तुम्ही म्हणालात. "बापानं त्येचं जहाज बघितलं. चाचांनी त्येचा नुसता धूर बघितला. म्या काय बघितलं? भट्टी."

मी इतिहासाचा वेडा. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण मिळेल ते वाचलं. त्यामुळं तुमच्या आगबोटी सुरू झाल्या की मी महाराजांचं आरमार काढायचो. म्हणायचो, सिंधुदुर्ग बांधला तेव्हा कुठं होते तुमचे चाचा? तुम्ही शांतपणे म्हणायचात की महाराजांना पहिल्यांदा कळलं, ज्याचा समुद्र त्याचा किनारा, हे मान्य. पण सदाशिवराव, मधल्या काळात काय? त्यावेळी आपल्याकडं आरमार नव्हतं, असं म्हणतोस? मी म्हणायचो, होतं, पण गोऱ्याचं. तुम्ही म्हणायचात, साहेब गोरा होता. शीड ओढणारा कोण होता, कोळसा टाकणारा कोण होता, ते विचार. शंभर वर्षं सगळ्या लढायांत वर झेंडा त्यांचा आणि खाली पाठ आपली. मी बेचाळीसमध्ये येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आलेला माणूस, मला ते पटायचं नाही. गोऱ्याचं मीठ खाल्लेला माणूस गोऱ्याचीच बाजू घेणार, असं मी तोंडावर म्हणायचो. अक्का आतून भांडी आपटायची.

मधे एका वर्षी तुमचं पत्रच आलं नाही. अक्कानं मोरगावच्या गणपतीला नवस बोलला आणि कुणालाही न सांगता एकटी चालत जाऊन आली. तुम्ही आलात ते खंगलेले, उजव्या दंडावर भाजल्याचा चट्टा. अक्काला सांगितलंत, वाफेची नळी लागली. मला कालव्याच्या बांधावर नेऊन खरं सांगितलंत. हल्ला झाला की खालचं दार वरून बंद करतात. भट्टीखान्यात पाणी शिरलं तर बाकीची बोट वाचावी म्हणून. आत जे असतील ते आत. बाहेर धडाके होत होते, पत्रे वाजत होते, आणि तुम्ही आणि चाचा फावडं मारत होता, थोडा कोळसा, पातळ पसरून. धूर होऊ न देता. का, तर बोटीला वेग मिळावा आणि मागच्या व्यापारी बोटी निसटाव्यात. मी विचारलं, पळावंसं वाटलं नाही? तुम्ही म्हणालात, दार बंद होतं की. आणि हसलात. पण मग म्हणालात की दार उघडं असतं तरी गेलो नसतो. जाळ अर्धा टाकून कसं जायचं?

त्या दिवशी मला तुमचा पहिल्यांदा अभिमान वाटला. बोललो नाही. मेहुण्यानं दाजीला असं तोंडावर सांगायची पद्धत आपल्यात नाही. आज सांगतो. त्या बांधावर मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, आणि मी तुम्हाला तंबाखू मळून दिली.

मग स्वातंत्र्य आलं. फाळणीत बोटींची वाटणी झाली तशी माणसांचीही झाली. भट्टीपुढं तुमच्या शेजारी उभे राहणारे दोघं पंजाबी तिकडं गेले. जाताना एकानं त्याचं फावडं तुम्हाला दिलं आणि तुमचं स्वतः नेलं. हळूहळू गोरे साहेबही उतरत गेले. तुम्ही रजेवर आलात तेव्हा मी दारातच अडवून विचारलं, काय म्हणतंय गोऱ्यांचं आरमार? तुम्ही पिशवी खाली ठेवलीत.

"गोरं उतरलं, सदा," तुम्ही म्हणालात. "बोट हितंच हाय. भट्टी हितंच हाय. जाळ घालाया येतंय त्यो बी हितंच हाय. आता सांग मला, आरमार कुणाचं?"

त्यावरही मी काहीतरी बोललोच असेन. पुढं तुम्ही तेलाच्या बोटीवर गेलात. मग विलायतेहून आणलेली ती मोठी क्रूझर आली, तिच्यावर गेलात. तिच्या तोफा सांगताना तुम्ही उठून उभे राहायचात आणि दोन्ही हात पसरायचात. कोळसा नाही, फावडं नाही. तेल फवाऱ्यानं आत जातं, तुम्ही नुसती चावी फिरवायची आणि ज्योतीचा रंग बघायचा. प्रजासत्ताक झालं त्या सकाळी बोटीवरचा जुना झेंडा उतरला आणि नवा चढला, तेव्हा सगळ्या आगवाल्यांना वर बोलावलं होतं. आयुष्य खाली काढलेली माणसं उन्हात डोळे चोळत उभी होती. हे ऐकायला आबा असायला हवे होते.

आता म्हणे आपण विमानं उतरतील अशी बोट घेणार आहोत. मागच्या शिमग्याला पेपरात आलेलं मी तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही पोरासारखे खूश झालात. म्हणालात, शिडाच्या जहाजापासून विमानाच्या बोटीपर्यंत, चाचांचा आजा ते आपण, एवढ्यात झालं बघ. शंभर वर्षं म्हणजे काय, चार माणसांची हयात.

निवृत्त होऊन आलात आणि दुसऱ्याच वर्षी कारखान्याचं निघालं. शेतकऱ्यांचा, शेअर गोळा करून उभा राहणारा कारखाना. तुम्ही त्यात असे घुसलात की जसं काही नवीन बोटच बांधायला घेतलीय. गुऱ्हाळावरची तरणी पोरं बॉयलरवर घेतलीत, त्यांना जाळ शिकवलात. मला म्हणायचात, बघ कशी गंमत, शिडावरून वाफ, कोळशावरून तेल, आणि मी परत चिपाडाच्याच बॉयलरवर. मी म्हणायचो, तुमची गंमत होते, माझं गुऱ्हाळ मोडतं. ऊस तिकडं गेला की माझ्या काहिलीत काय शिजवायचं, कालव्याचं पाणी?

तुमचं एकच म्हणणं. काहील मोडली तरी हात मोडत नाही. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बघून जो आधण उतरवतो, तो साखरेच्या पॅनवर पहिल्या दिवशी उभा राहील. बोट भंगारात जाते, आगवाला पुढच्या बोटीवर जातो. माझंही एकच म्हणणं. प्रत्येक बोट बदलली तेव्हा सगळेच आगवाले पुढच्या बोटीवर गेले का? शिडवाल्यांचं काय झालं? आणि मी विचारलं, तुमच्या चाचांचं काय झालं?

हे मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्ही पुन्हा पुन्हा विषय बदललात. तुम्ही जायच्या आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपण गुऱ्हाळाच्या छपराखाली बसलो होतो, तेव्हा मी पुन्हा छेडलं आणि तुम्ही एकदम बोललात. चाचांची कोळशाची बोट मोडीत निघाली तेव्हा तुम्ही त्यांना तेलाच्या बोटीवर बोलावून घेतलंत. साहेबाच्या हातापाया पडून परवानगी काढलीत. ते आले, सगळं फिरून बघितलं. फरशी स्वच्छ, कोळशाची कणी नाही. तुम्ही लांब सळईचा काकडा पेटवून त्यांच्या हातात दिलात, म्हणालात, उस्ताद, पहिली ज्योत तुम्ही लावा. त्यांनी काकडा परत तुमच्या हातात दिला. ही आग मला ओळखत नाही, एवढं म्हणून शिडी चढून वर गेले. रत्नागिरीला घरी जाऊन बसले आणि पावसाळाही काढला नाही त्यांनी.

"तू त्येंच्यावानी करू नगंस," तुम्ही मला म्हणालात.

मी काय म्हणालो? चाचा बरोबर होते, म्हणालो. आणि अजूनही म्हणतो. माणसाला आपल्या आगीपाशी म्हातारं व्हायचा हक्क आहे. तुम्ही उठलात, टोपी झटकलीत आणि घरी गेलात. भांडणात तुम्ही आधी उठून गेलात असं ते पहिल्यांदाच. नंतर आपण भेटलो, बोललो, पण ते बोलणं तसंच राहिलं. आणि मग सांगावा आला.

इथवर लिहिलं आणि अक्का आली. तुमच्यामागं ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कोपऱ्यात बसली, पाणी प्याली नाही. विचारलं, काय सांगणार हायस चेअरमनला? मी म्हणालो, नाही म्हणून सांगणार. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"त्ये दर्यावर व्हते तवा घरची चूल एक दीस इझली न्हाय," ती म्हणाली. "ती कोन पेटवत व्हतं? त्येंच्या माघारी ह्यो जाळ बी मीच घालनार. तू नुसता बरूबर चल."

दाजी, मी जेलात जाऊन आलेला, सभांतून बोललेला माणूस, पण माझ्या मनातसुद्धा हे आलं नव्हतं. मनात आलं ते हेच, की लोक काय म्हणतील. कपाळ पांढरं, सुतक सरून चार दिवस झालेले, आणि दसऱ्याचा मुहूर्त. ती माझ्याकडं बघत होती. आबांचेच डोळे. मी पायात वहाणा घातल्या आणि तसाच चेअरमनच्या घरी गेलो.

पुढचं दसऱ्याच्या संध्याकाळी लिहितोय.

चेअरमन माणूस चांगला. अक्काचं नाव ऐकून खाली बघायला लागले. म्हणाले, तात्या, माझं काही नाही, पण शुभकार्य आहे, सभासद काय म्हणतील. पुढच्या गळीताला काही कमीजास्त झालं तर सगळं त्या बाईच्या माथी बसेल. तिथंच बसलेले डायरेक्टर मान हलवायला लागले. आणि दाजी, तेव्हा मला तुमची एक गोष्ट आठवली. तुम्ही सांगितली तेव्हा मी थाप म्हणून उडवून लावली होती.

मी म्हणालो, चेअरमनसाहेब, आरमारात नवी बोट बांधून झाली की ती पाण्यात कुणाच्या हातानं सोडतात, माहीत आहे? कोटी कोटीची बोट, तोफा, रडार, मोठमोठे साहेब समोर उभे. पण ती सोडायला बाईचा हात लागतो. शिडाच्या काळातली बोट गेली, वाफेची गेली, सगळं बदललं, पण ही रीत लढाईचं आरमारही मोडत नाही. तिथं तिच्या कपाळाला काय आहे ते कुणी बघत नाही. मग आपण कोण लागून गेलो? चेअरमननी पूजेचं ठरवायला आलेल्या भटजींकडं बघितलं. भटजी म्हातारे, मिश्कील. म्हणाले, मंत्राचं काही अडत नाही, अडतं ते लोकांच्या तोंडाचं. शेवटी ठरलं, पूजेला मी आणि माझी बायको बसायचं आणि जाळ अक्कानं घालायचा.

सकाळी माणूस मावत नव्हतं. इंदापूरकडून तुमच्या गावचे लोक बैलगाड्या जुंपून आले होते. कुजबुज झाली, नाही म्हणत नाही. एक-दोन म्हातारे उठून लांब जाऊन उभे राहिले. अक्का पदर खोचून पुढं आली. काकडा हातात घेतला आणि थेट भट्टीच्या तोंडाशी गेली. तिनं काकडा आत लावला आणि लगेच मागं झाली नाही, जाळानं लाकडं धरली की नाही ते वाकून बघितलं. तुमची पोरं, गुऱ्हाळावरची ती सगळी पोरं, बॉयलरवर ओळीनं उभी होती. त्यांना तुम्ही काय शिकवलं होतं कोण जाणे, पण एकानं हुकूम दिला आणि सगळ्यांनी टाच जुळवून अक्काला सलाम ठोकला. बोटीवर ठोकतात तसा. मग मात्र सगळी माणसं, ते लांब गेलेले म्हातारेसुद्धा, टाळ्या वाजवायला लागली. दाजी, माझी छाती फुटते की काय असं वाटलं. आपल्या घरची बाई, आपला कारखाना, आणि आरमाराचा सलाम.

मी अजूनही म्हणतो की चाचा बरोबर होते. यंदाचा माझा ऊस मी माझ्या काहिलीतच घालणार आहे, सांगून ठेवतो. मी हे सगळं मनाशी ठरवून भट्टीखान्याच्या दाराबाहेर उभा होतो, तेवढ्यात अक्का घाम पुसत बाहेर आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चारचौघांसमोर म्हणाली, "बाहीर काय उबा ऱ्हायलास? जाळ लागलाय. आत कोन हाय बघायला?"

आत तुमची पोरं होती, इंजिनियर होता, सगळे होते. तरी मी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, आणि दाजी, मी आत गेलो.